जिंकून उठायचं नसतं

प्रवीणच्या घरात पत्त्यांचा कॅट नव्हता. पळसदरीच्या धरणाखालच्या त्या गावात ही नवलाची गोष्ट होती. गौरी-गणपतीत तिथे घरोघर ओटीवर सतरंजी पडते आणि भाताची लावणी आटोपून मोकळे झालेले पुरुष तीन पत्ती खेळायला बसतात. देवापुढे जागायचं म्हणून सुरू झालेला खेळ भरदुपारीही चालतो, आणि त्यात थोडेफार पैसे लागले तरी त्याला कुणी जुगार म्हणत नाही. फक्त प्रवीणच्या वडिलांच्या, मालोजींच्या ओटीवर एकतीस वर्षांत सतरंजी पडली नव्हती. त्या दिवसांत मालोजी विळा घेऊन बांधावर गवत कापायला जात आणि दिवेलागणीला परत येत. एवढं गवत खायला त्यांच्या गोठ्यात जनावरच नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

जनावर पूर्वी होतं. ते पत्त्यांत गेलं.

प्रवीण आठ वर्षांचा असताना गौरी जेवायच्या दिवशी त्याचे वडील समोरच्या वाल्मिकच्या ओटीवर खेळायला बसले आणि संध्याकाळी दुभती म्हैस हरून घरी आले. म्हैस पहिल्या वेताची, त्याच्या आईच्या, आनंदीबाईंच्या माहेराहून आलेली. दोन घरांच्या मध्ये बैलगाडी जाईल एवढीच वाट. म्हशीला पत्त्यांचा व्यवहार काय कळणार! रानातून परतताना ती सरळ आपल्या जुन्या गोठ्यात येऊन उभी राही. मग आनंदीबाई काही न बोलता तिचं दावं धरत, वाट ओलांडत आणि तिला वाल्मिकच्या खुंट्याला बांधून येत. असं महिनाभर चाललं. वाल्मिकने दोनदा सांगून पाहिलं, की वहिनी, राहू द्या तिला तुमच्याकडेच. आनंदीबाईंनी ऐकलं नाही. खेळात गेली ती गेली, नवऱ्याचा शब्द मी कशी मोडू, असं त्या म्हणाल्या. महिन्याने म्हशीने नवा गोठा मानला आणि गावाच्या दृष्टीने विषय संपला.

घरात मात्र तो संपला नाही, कारण तो निघालाच नाही. त्या दिवशी ओटीवर नेमकं काय झालं हे मालोजींनी बायकोला सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. प्रवीण लहानाचा मोठा झाला तो या न झालेल्या भांडणाच्या सावलीत. त्याच्या लग्नाची बोलणी चालू असताना सोनालीच्या घरच्यांनी पहिला प्रश्न विचारला, की मुलगा पत्ते खेळतो का. तो नाही म्हणाला, ते खरंच होतं. पण मागे बसलेलं कुणीतरी पुटपुटलं, वळण बापाचंच असतं. ते शब्द प्रवीणच्या कानांत कायमचे बसले.

त्यामुळे वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो पैसे लावून पत्ते खेळायला शिकला, तेव्हा ते एकाच माणसापासून लपवून ठेवायचं होतं. बाकी जगाला कळलं असतं तरी त्याला फिकीर नव्हती. बाबांना कळलं, तर मात्र म्हातारा उरलेले दिवसही मान खाली घालून काढेल, ही त्याची धास्ती होती.

प्रवीणचा स्वतःचा टेंपो होता. खोपोलीच्या कारखान्यांतून माल भरायचा आणि तळोजा, पनवेलकडे टाकायचा. या धंद्यात गाडी चालवणं थोडं आणि थांबणं फार. गेटवर नंबर लावायचा, पास निघायची वाट बघायची, नंबर लागून गाडी आत घ्यावी तर हमाल जेवायला गेलेले असायचे. तीन-चार तास केबिनमध्ये बसून काढणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

एकदा भाड्याच्या फेरीत त्याने कर्जतला बाजारपेठेमागे एक टेबल पोचवलं. टेबल अनुपम नावाच्या तरुणाचं होतं. तिशीचा, घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारा. त्याच्या खोलीतल्या स्क्रीनवर हिरवी टेबलं आणि पत्ते दिसत होते. प्रवीणने विचारलं, आणि अनुपमला सांगायची हौस होतीच. हा पोकर, तीन पत्तीचा थोरला भाऊ समजा. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मध्ये पाच पानं सगळ्यांसाठी उघडी, आणि त्यातून ज्याचा डाव मोठा होईल तो जिंकला. एका दिवसात कुणीही जिंकतं, पण वर्षभरात तोच जिंकतो ज्याला पानं टाकून देता येतात.

प्रवीणने थोडा वेळ बघितलं. मग म्हणाला, "हे रक्तात असावं लागतं का हो?"

"रक्तात नाही, प्रवीणदा. हिशेबात."

हे उत्तर ऐकायला आपण किती वर्षं थांबलो होतो, हे त्याला टेंपोत येऊन बसल्यावर जाणवलं.

पुढच्याच आठवड्यात त्याने गेटवर बसल्या बसल्या फोनवर ॲप घेतलं आणि पाचशे रुपये भरले. नऊ दिवसांत पाचशेचे शून्य झाले. त्याने ते सोनालीला त्याच संध्याकाळी सांगितलं. आपल्या घरात न सांगितलेल्या गोष्टी किती वर्षं मुक्काम करतात, हे त्याने पाहिलेलं होतं.

सोनाली शनिवार-रविवार धरणाजवळच्या एका फार्महाऊसवर मुंबईच्या पाहुण्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या करायला जायची. पैसा कसा येतो हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती ओरडली नाही. हे शिकून येण्यासारखं आहे का, एवढंच तिने विचारलं. अनुपम तसं म्हणतो, असं प्रवीणने सांगितलं. दोन दिवस तिने विचार केला आणि मग डब्यातले दोन हजार काढून त्याच्या हातावर ठेवले.

"ही शिकायची फी समजा," ती म्हणाली. "संपले की संपले. तिसऱ्यांदा एक रुपाया नाय. आन घरात फोनवर पत्ते दिसले नाय पायजेत. मामांनी बघितलं तर मी तुमच्या बाजूनं बोलणार नाय, आधीच सांगते."

सासऱ्यांना ती मामा म्हणायची, आणि सासऱ्यांचा तिला नवऱ्यापेक्षा काकणभर जास्तच लळा होता.

अनुपमने मग त्याला रीतसर शिकवायला घेतलं. दोन हजारांचे चाळीस भाग करायचे आणि एका वेळी टेबलावर एकच भाग, म्हणजे पन्नास रुपये, घेऊन बसायचं. ते गेले तर त्या दिवशी दुसरे काढायचे नाहीत. चार हजार झाले तर शंभराच्या टेबलावर जायचं, आणि तीन हजारांच्या खाली आले तर मुकाट पन्नासच्या टेबलावर परत यायचं. खाली उतरायची लाज वाटेल, पण ती लाजच माणसाला बुडवते. कुठली दोन पानं खेळायची आणि कुठली टाकायची याचा एक कागद अनुपमने छापून दिला. तो प्रवीणने ऊन अडवायच्या फळीला आतून चिकटवला. फळी खाली केली की दिसायचा, वर केली की गायब.

दहा हातांतले आठ टाकून द्यायचे, हे शहरातल्या पोरांना जड जातं. घेतलेलं पान टाकवत नाही, काहीतरी होईल या आशेवर ते खेळत राहतात. प्रवीणला जड गेलं नाही. ज्याने गेटवर बारा वर्षं काढली, त्याला पुढच्या पानाची वाट बघण्यात कसला त्रास! अनुपम त्याला म्हणायचा, तुमच्याएवढा शांत खेळणारा मी बघितला नाही. प्रवीणला हे ऐकून बरं वाटायचं आणि घरी जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटायचं. सोनालीला सांगितलं तर ती म्हणायची, शांत तर तुमी भाजी आणायला सांगितल्यावर पण असता.

पण पाच महिने झाले तरी रक्कम काही हलेना. दोन हजारांचे एकवीसशे व्हायचे, पुन्हा एकोणीसशे. खेळ तर बरोबर चालला होता. शेवटी एका रविवारी अनुपमने त्याला घरी बसवून मागचे सगळे हात एकेक करून पाहिले आणि चक्रावून गेला. रोजचं चित्र सारखंच होतं. प्रवीण अकराला बसायचा, साडेबारापर्यंत दीडपट-दुप्पट करायचा, आणि मग उठायचाच नाही. दोन वाजायचे, तीन वाजायचे. डोकं शिणायचं, गाडीचा नंबर लागायचा, वॉचमन हाका मारायचा, आणि हा एका हाताने गिअर टाकत दुसऱ्या हाताने खेळतोय. सकाळचं सगळं दुपारी गेलेलं.

अनुपमने विचारलं, की एवढे जिंकल्यावर तुम्ही उठत का नाही?

प्रवीणला प्रश्नच कळला नाही. "असं कसं उठायचं?" तो म्हणाला. "जिंकून उठायचं नसतं."

मग त्याने समजावून सांगितलं. त्यांच्या गावात सतरंजीवरची रीत अशी, की ज्याच्याकडे पैसे गेलेत त्याने आपणहून उठायचं नाही. हरणाऱ्याने पुरे म्हटलं की खेळ मोडतो. जिंकून उठणारा माणूस म्हणजे लग्नात जेवून आहेर न करता निघून जाणारा. आणि हा स्क्रीनवरचा राजकोटवाला बघा, सकाळपासून दीडशे हरलाय. त्याला तसाच टाकून निघालो तर त्याला काय वाटेल?

अनुपम इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तो राजकोटवाला एका वेळी सहा टेबलांवर खेळतोय, त्याला तुमचं नावही माहीत नाही, तो म्हणाला. इथे कुणीही कधीही उठू शकतं. त्यासाठी बटनच दिलेलं आहे.

ते बटन दाबायला प्रवीणला तीन दिवस लागले. पहिल्यांदा दाबलं तेव्हा तो नव्वद रुपयांनी पुढे होता. कुणीतरी मागून सदरा ओढेल असं वाटून त्याने केबिनमध्ये वळूनही पाहिलं. मागे फक्त ताडपत्रीची घडी होती. पुढे त्याने स्वतःपुरता एक मार्ग काढला. उठण्याआधी तो टेबलावर "येतो" असं लिहायचा, मराठीत, देवनागरीत. कुणी उत्तर द्यायचं नाही. सहा महिन्यांनी एकदा त्या राजकोटवाल्याने "अच्छा भाई" लिहिलं, तेव्हा प्रवीणचा तो सबंध दिवस चांगला गेला.

तिथून रक्कम वाढू लागली. चार हजार झाले, तो शंभराच्या टेबलावर गेला, आपटला, खाली आला, पुन्हा गेला. दुसऱ्या वर्षी दोनशेचं टेबल. वीस हजारांच्या वर गेल्यावर पाचशेचं. अडीच वर्षांनी, पंचवीस सालच्या पावसाळ्यात, कर वगैरे कापून जाऊन त्याच्या नावावर तेहतीस हजार आठशे रुपये होते. सोनालीने हिशेब केला, की महिन्याला हजार पडतात, तेवढे मी एका शनिवार-रविवारी भाकऱ्या थापून आणते आणि वर पाहुणे ताई-ताई करतात. तिचं खरं होतं. पण प्रवीण ती रक्कम रोज एकदा उघडून बघायचा, पण ती किती आहे ते मोजायला नव्हे. ती अजून तिथेच आहे, आपण ती घालवली नाही, एवढंच त्याला बघायचं असे.

ऑगस्टात, गणपतीला आठवडा असताना, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली. ॲपवर सूचना झळकली, की आता पैशाचा खेळ बंद, तुमची शिल्लक काढून घ्या. सूचनेप्रमाणे प्रवीणने बटनं दाबली. नंतर दोन-चार दिवस तो ॲपवरच्या फुकटच्या नाण्यांनी खेळून पाहत होता. पण फुकटच्या खेळात कुणी पान टाकतच नाही, सगळे सगळंच खेळतात. कंटाळून त्याने ॲप काढून टाकलं आणि फळीमागचा कागदही सोलून काढला. काही दिवस गेटवरचे तास त्याला फार लांब वाटले.

एक गोष्ट मात्र तो विसरला होता. अडीच वर्षांपूर्वी ॲपने बँकखातं विचारलं तेव्हा त्याने कर्जतच्या बँकेतलं, वडिलांबरोबरचं जॉइंट खातं दिलं होतं. टेंपोच्या खात्यात घातले तर हप्त्यात जातील, असा विचार त्यामागे होता. परत येण्याइतके पैसे कधी होतील, असं तेव्हा स्वप्नातही नव्हतं.

गणपती बसायच्या दोन दिवस आधी मालोजी कर्जतला गेले. गणपतीवर टांगायच्या माटवीचं सामान घ्यायचं होतं, आणि बँकेचं पुस्तक भरून घ्यायचं होतं. दुपारी ते रिकाम्या पिशवीने परत आले. ओटीवर बसले, पाणी प्यायले आणि प्रवीणला हाक मारली. आनंदीबाई आत उंबऱ्याजवळ गौरीसाठी वाती वळत होत्या. सोनाली दारात उभी राहिली.

मालोजींनी पासबुक पुढे केलं. कुणाचे तरी तेहतीस हजार आठशे रुपये चुकून आपल्या खात्यात आलेत, ते म्हणाले. बँकेतल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणतात तुमचेच आहेत, पण त्यांना काय ठाऊक. ज्याचे गेलेत तो बिचारा शोधत असेल. उद्या गाडी लावू नकोस, बँकेत जाऊन परत करून ये. खात्याला हात लावायचा धीर झाला नाही, म्हणून त्यांनी माटवीचं सामानही घेतलं नव्हतं.

प्रवीणकडे एक उत्तर तयार होतं. कंपनीने थकलेलं भाडं दिलं, असं म्हटलं असतं तर मालोजींनी लगेच मानलं असतं. त्याने सोनालीकडे पाहिलं. ती आपला शब्द पाळत होती, काही बोलणार नव्हती. मग त्याने वडिलांकडे पाहिलं. कधी न बघितलेल्या कुण्या माणसाचं नुकसान झालं म्हणून म्हातारा दोन कोस उन्हापावसातून रिकाम्या हाताने परत आला होता. त्याच्याशी खोटं बोलवेना.

"बाबा, ते माजेच हायत," तो म्हणाला. "पत्त्यांत जिंकलेले."

मालोजींनी पासबुक हळूच खाली ठेवलं. पागोळ्यांचं पाणी तेवढं वाजत होतं.

"कुणाची म्हस आणलीस?" मालोजींनी विचारलं.

शे-पाचशेचा खेळ होता, त्यात कुणाची म्हैस जात नाही, हे प्रवीणच्या ओठांवर आलं होतं. पण समोरचा माणूस कधी दिसलाच नाही, तर खात्री कुठून द्यायची? तो खरं तेच म्हणाला. मला ठाऊक नाही, बाबा. जाणून कुणाला बुडवलं नाही, एवढंच सांगता येतं.

मग त्याने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पाचशे कसे गेले, सोनालीने फी कशी दिली, चाळीस भाग कसे केले. मालोजी पायाच्या अंगठ्याकडे बघत ऐकत होते. पाच महिने मी फुकटच खेळलो, प्रवीण म्हणाला, कारण जिंकून उठायची लाज वाटायची. मग उठायला शिकलो, तेव्हा कुठे पैसे राहिले.

मालोजींनी मान वर केली. "उटू देतात?"

"कोण अडवतंय, बाबा? बटन हाय त्याला."

"सदरा नाय वढत कोन?"

"नाय."

मालोजी समोरच्या वाटेकडे बघत राहिले आणि मग, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, त्या दिवसाचं बोलू लागले. आवाज इतका खाली होता की प्रवीणला पुढे सरकावं लागलं. त्या दिवशी दुपारपर्यंत ते दोनशे चाळीस रुपयांनी पुढे होते. घरातून घावनांचा वास येत होता. नैवेद्य दाखवून झाला असेल, आता जेवायला गेलं पाहिजे, म्हणून ते उठले. दोघातिघांनी सदरा धरून खाली बसवलं, की मालोजी, जिंकून उठतोस काय, बायकोनं शिट्टी मारली वाटतं. सगळे हसले. ते बसले. तासाभराने पुन्हा उठले, पुन्हा तेच झालं. मग पानं फिरली. दोनशे चाळीस गेले, खिशातले गेले, आणि गेलेलं परत आणायच्या नादात माणूस जे करतो ते त्यांनी केलं. शेवटच्या हाताला त्यांच्याकडे बदामची नव्वी, दश्शी आणि गुलाम होता. वाल्मिककडे तीन चव्वे निघाले, त्याहून मोठा डाव.

प्रवीणने मनात आकडा मांडला. त्याला आता तो येत होता.

"तुमचा डाव चारशे वेळा आला आसता, तर येकदा हरला आसता," तो म्हणाला. "पान तुमी बरोबरच खेळलात, बाबा. म्हस लावायला नको हुती. तितवर यायच्या आधीच उठायला पायजे हुतं."

"उठलो हुतो," मालोजी म्हणाले. "दोनदा उठलो हुतो रं."

आतून पाटाचा आवाज झाला. आनंदीबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या, मुठीत अर्धी वळलेली वात.

"आवं, मंग हे मला तवाच का नाय सांगितलं?"

मालोजी म्हणाले, की काय सांगायचं होतं त्यात. हरलो ते हरलो.

आनंदीबाई खाली बसल्या. त्या सांगू लागल्या त्यात राग नव्हता, पण थांबणंही नव्हतं. म्हशीचं मी त्याच महिन्यात सोडून दिलं, त्या म्हणाल्या. दावं धरून नेताना चार दिवस रडले, मग तेही गेलं. पण त्या दिवशी ताट वाढून मी या इथे उंबऱ्यात बसले होते, दुपारपासून दिवे लागेपर्यंत. समोरच्या ओटीवरून हसण्याचे आवाज येत होते. मला वाटलं, या माणसाला सबंध दिवसात घर एकदाही आठवलं नाही. तेच इतकी वर्षं वाटत आलं.

"आठवलं हुतं," मालोजी म्हणाले. "दोनदा."

"दोनदाच व्हय," आनंदीबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपले. दारातून सोनालीला हसू फुटलं, मग आनंदीबाईंनाही. मालोजी मात्र हसले नाहीत. ते बायकोच्या हातातल्या त्या वातीकडे बघत राहिले. अंगावरचं ओझं उतरल्यावर माणसाला क्षणभर हात कुठे ठेवावेत ते कळत नाही, तसं त्यांचं झालं होतं.

पैशांचं काय करायचं ते सोनालीने ठरवलं. टेंपोचे मागचे दोन टायर गुळगुळीत झाले होते, ते बदलले. माटवीचं सामान आलं. उरलेले खात्यात राहिले आणि कुणी त्यांची फारशी चर्चा केली नाही.

गौरी जेवायच्या दिवशी सकाळी मालोजी नेहमीप्रमाणे बांधाकडे निघाले, तेव्हा आनंदीबाईंनी त्यांना अडवलं. आज गवत नको, वाल्मिकभावजींकडे जाऊन बसा, त्या म्हणाल्या. मालोजी काही केल्या तयार होईनात. या वयात आता काय, लोक काय म्हणतील, असं बरंच झालं.

"जा म्हणते ना मी," आनंदीबाई म्हणाल्या. "फकस्त येक वाजता जेवायला या."

प्रवीण बरोबर गेला. वाट ती केवढी, पण मालोजींना ती ओलांडायला वेळ लागला. वाल्मिकच्या ओटीवर सात-आठ जण बसले होते. वाल्मिक आता पंच्याहत्तरीचा, पाय लांब करून भिंतीला टेकून बसलेला. त्याने पाय आखडून शेजारी जागा केली आणि ये, बस, एवढंच म्हणाला, जणू मालोजी कालही येऊन गेले होते.

सतरंजीवर पैसे नव्हते. मध्ये सुपात चिंचोके होते, आणि प्रत्येकापुढे चिंचोक्यांची ढिगी. मालोजींनी प्रवीणकडे पाहिलं, प्रवीणने पानं वाटणाऱ्या ऋतिककडे. ऋतिक वाल्मिकचा नातू, कॉलेजात जाणारा. त्याने सांगितलं, की आमच्या ओटीवर कधीच पैसे लावत नाहीत, आजोबा लावूच देत नाहीत, ती म्हशीची भानगड झाल्यापासून. बोलून गेल्यावर आपण कुणासमोर काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो पानं पिसू लागला. वाल्मिक छताकडे बघत होता. समोरच्या घरात राहूनही आपल्याला हे एकतीस वर्षांत कळलं नाही, याचं नवल मालोजींच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्यांनी पानं उचलली. सुरुवातीला बोटं अडखळत होती, मग लागली फिरायला. प्रवीण मागे बसून बघत होता. वडील एकामागून एक पानं टाकत होते. चार डाव टाकले, पाचवा खेळले आणि जिंकले. पुन्हा तीन टाकले. कुणी न शिकवताच त्यांना हे येत होतं, आणि प्रवीणला वाटलं, वळण बापाचंच असतं हे काही खोटं नाही. बाराच्या सुमाराला मालोजींपुढची ढिगी सगळ्यांत मोठी झाली होती. साडेबारा झाले. पाऊण झाला. वाटेपलीकडून घावनांचा वास येऊ लागला. प्रवीणने घड्याळाकडे पाहिलं. आपण सांगावं का, असं त्याला दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा त्याने जीभ आवरली. हे सांगून होण्यासारखं काम नव्हतं.

एका डावाला मालोजींनी पानं वाटू दिली नाहीत. हात गुडघ्यांवर ठेवले.

"येतो मी," ते म्हणाले.

"आजोबा, जिंकून उठता?" ऋतिकने विचारलं. त्याने गमतीनेच विचारलं होतं. पण एका म्हाताऱ्याचा हात सवयीने मालोजींच्या सदऱ्याकडे गेला होता, तो मध्येच थांबला. सगळे वाल्मिककडे बघू लागले.

वाल्मिकने भिंतीचा आधार सोडला आणि सरळ बसला.

"उठू दे रं त्याला," तो म्हणाला. "घरी ताट वाढलंय."

मालोजी उठले. गुडघा धरून, जरा वेळ घेऊन. कुणी सदऱ्याला हात लावला नाही. चपला पायांत सरकवून ते ओटीखाली उतरले आणि चिखल चुकवत वाट ओलांडू लागले. पलीकडे दारात आनंदीबाई उभ्या होत्या. नवरा येताना दिसला तशा त्या लगबगीने आत गेल्या आणि तव्यावर पीठ सोडल्याचा चर्र आवाज या ओटीपर्यंत ऐकू आला.